बर्फाच्या सिनेमातला बाप

साळवेकाकांनी सिनेमातल्या बापाला कधी माफी मागू दिली नाही. तो बिचारा पडद्यावर टोपी हातात धरून, मान खाली घालून इंग्रजीत स्वच्छ सांगायचा की पोरी, चूक माझी झाली, घरी ये. आणि प्रोजेक्टरशेजारच्या स्टुलावर बसलेले साळवेकाका त्याचं हिंदी करून सांगायचे, "बाप बोलता है, गलती हो गई ना तेरी? चल, अब आगे से ध्यान रखना." हॉलमधले दीड-दोनशे लोक माना डोलवायचे. बापाने असंच बोलायचं असतं हे सगळ्यांना पटलेलं होतं.

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, त्यामुळे ही लबाडी मला पहिल्याच वर्षी कळली. पण मी लग्न होऊन चार महिन्यांपूर्वी पुण्याहून कलकत्त्याला आलेली, आणि काका ह्यांचे साहेब. मी गप्प बसले. पुढे बऱ्याच गोष्टींत मी अशीच गप्प बसले, आणि त्यातल्या एकीचा सल अजून गेलेला नाही.

ते सदुसष्ट साल. ह्यांना रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी होती आणि आम्हाला गार्डन रीचच्या कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. साळवेकाका ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन आणि आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. पुलांचे नकाशे त्यांच्या हातून जात. मूळचे नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, मराठी ख्रिस्ती. कॉलनीत मराठी घरं चार, त्यांत ख्रिस्ती हे एकच. काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "तुझे सासू-सासरे तिकडं पुण्यात. इथं आम्ही. म्हणून तू सूनबाई." मार्थाकाकूंनी त्यावर नुसतं हसून माझ्या हातात डाळीची वाटी ठेवली.

काका बुटके, काळेसावळे, डोक्याला खोबरेल चोपडलेलं, शर्टाच्या खिशात तीन टोकदार पेन्सिली. त्यांचा एक अभिमान होता आणि तो ते पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवत. नकाशा शाईने काढताना चूक झाली की ड्राफ्ट्समन दाढीच्या ब्लेडने ती हलकेच खरवडून काढतात. काकांनी म्हणे पंचवीस वर्षांत ब्लेड हातात धरलं नव्हतं. "रेघ मारायच्या आधी विचार करायचा. मारली की मारली," असं ते म्हणत. आमचे हे घरी येऊन त्यांची नक्कल करायचे आणि भाजीत मीठ जास्त पडलं की मला विचारायचे, पडलं की पडलं का?

नाताळ आला की मात्र हाच माणूस ओळखू येत नसे. पंधरा दिवस आधीपासून व्हरांड्यात बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद पडलेला असायचा. चांदणीचा प्रत्येक कोन छत्तीस अंशांचा आला पाहिजे, म्हणून ते कोनमापक लावून कामट्या बांधत. शेजारचे घोषबाबू विचारायचे की खाली उभं राहून कुणाला कळणार आहे? काका म्हणायचे, वरून बघणारा आहे ना. काकू करंज्या करायच्या, त्यात ओला नारळ आणि कलकत्त्याचा हिवाळ्यातला खजुराचा नवा गूळ. तसल्या करंज्या मी नगरला खाल्ल्या नाहीत आणि पुण्यातही नाहीत. केक घरी भाजायची सोय नव्हती. खिदिरपूरला एका मुसलमान बेकरीवाल्याची लाकडाची भट्टी होती, तिथे कॉलनीतली ख्रिस्ती घरं आपापलं कालवलेलं पीठ घेऊन रांगेत उभी राहत. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी लागायची. साळव्यांची चिठ्ठी पुलाच्या नकाशावरच्या अक्षरात असे, त्यामुळे ती लांबून ओळखू यायची.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी काका टाळ घेऊन दारोदार गायला निघत. अभंगाच्या चालीवरची मराठी गाणी, साथीला घोषबाबूंचा खोल, म्हणजे बंगाली मृदंग. मी नवी असताना जिन्यात टाळ वाजलेला ऐकला आणि आतल्या खोलीत जाऊन रडले होते. परक्या गावात पहिल्यांदा मराठी गाणं ऐकलं, ते नाताळचं. आईला पत्रात लिहिलं, तर तिचा विश्वास बसेना.

आणि मग तो सिनेमा. कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेच्या क्लबात, एक सोळा एमएमचा प्रोजेक्टर होता आणि तो काकांखेरीज कुणाचं ऐकत नसे. नाताळच्या आधीच्या शनिवारी काका ट्रामने धरमतल्ल्याला जात आणि तिथल्या एका वितरकाकडून दरवर्षी तीच रिळं भाड्याने आणत. सिनेमाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही 'बर्फाचा सिनेमा' म्हणायचो आणि बंगाली शेजारणी 'बरफेर छोबी'. गोष्ट साधी. बर्फातलं एक आडगावचं स्टेशन, तिथला म्हातारा स्टेशनमास्तर, आणि त्याच्या मनाविरुद्ध एका बाजा वाजवणाऱ्याशी लग्न करून निघून गेलेली त्याची मुलगी. ती नाताळच्या आदल्या रात्री गाडीने येते, फलाटावर उतरते, आणि म्हातारा टोपी काढतो.

रेल्वेची माणसं हा सिनेमा भक्तीने बघायची. काकांचं सांगणं हा त्यातला अर्धा सिनेमा. इंग्रजी थोड्यांनाच कळे, म्हणून ते हिंदीत सांगत, मध्येच बंगाली, आणि रागावले की नगरी मराठी. "आरं सिग्नल पडला नाही आन् गाडी आली कशी? ह्या म्हाताऱ्याला आधी सस्पेंड करा." लोक पोट धरून हसायचे. पहिल्या वर्षी माझ्या शेजारी काकांची रूथ बसली होती. वीस-एकवीसची, एका कंपनीत टायपिस्ट. बापाची माफी आली तशी ती माझ्या कानात म्हणाली, "पप्पा खोटं सांगतात, हं. दरवर्षी." आणि आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

त्यानंतर सव्वा वर्षाने रूथने डेसमंडशी रजिस्टर लग्न केलं. डेसमंड अँग्लो-इंडियन, कॅथलिक, दिवसा रेल्वेच्या इंजिनावर फायरमन आणि शनिवारी पार्क स्ट्रीटच्या एका हॉटेलात गिटार वाजवणारा. काकांनी नगरच्या एका शिक्षकाला शब्द दिलेला होता. काय काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. भिंतीपलीकडून फक्त काकांचा आवाज ऐकू येत होता, रूथचा येत नव्हता. शेवटचं वाक्य मात्र नीट ऐकू आलं. "ह्या घरात तुझं नाव निघायचं नाही."

त्या वर्षांत कलकत्त्याची अँग्लो-इंडियन घरं एकामागून एक रिकामी होत होती. डेसमंडचे आई-बापही निघाले, त्यांच्याबरोबर हे दोघं. ऑस्ट्रेलियात, पर्थला. हावड्याहून मुंबईची गाडी आणि पुढे बोट. काकू एकट्या बसने हावड्याला जाऊन आल्या. काका त्या दिवशी सुट्टी असून ऑफिसात गेले आणि संध्याकाळपर्यंत एका पुलाच्या नकाशावर बसून राहिले. सोमवारी ह्यांनी तो नकाशा पाहिला. एक रेघ चुकलेली नव्हती.

डिसेंबरात रूथचं पत्र आलं. काका ऑफिसात होते. काकूंना इंग्रजी येत नव्हतं आणि रूथला मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. कलकत्त्यात वाढलेल्या आपल्या पोरांचं हे असंच असतं. काकू पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि मी त्यांना ते तीनदा वाचून दाखवलं. तिकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, लोक समुद्रावर जातात. आई, मी करंज्या करून पाहिल्या, सगळ्या तेलात फुटल्या. पप्पांना सांग, मी त्यांची आठवण काढते. काकूंनी मला पत्ता उतरवून घ्यायला सांगितलं, तो मी माझ्या पाककृतींच्या वहीत मागच्या पानावर लिहिला. मग त्या घरी गेल्या आणि नवऱ्याला सगळं सांगून बसल्या. लपवाछपवी त्या बाईला जन्मात जमली नाही.

काकांनी आरडाओरडा केला नाही. पोस्टमनला सांगितलं की परदेशातलं टपाल घरी द्यायचं नाही, ऑफिसात आपल्या हातात द्यायचं. पुढच्या डिसेंबरात पत्र आलं तेव्हा आमचे हे समोरच्याच टेबलावर होते. काकांनी पाकीट उलटून पाहिलं नाही. पुलांची नावं लिहायचं पेन ड्रॉवरमधून काढलं, पाकिटावर ठळक इंग्रजी अक्षरांत 'नाकारले' असं लिहिलं, शाई वाळू दिली आणि पाकीट पोस्टमनच्या हातात परत दिलं. हे घरी येऊन म्हणाले, अक्षर इतकं देखणं होतं की पोस्टमन बघतच राहिला.

असं तीन वर्षं झालं. तीन डिसेंबर, तीन पत्रं. काकू दर नाताळला करंज्यांचा एक डबा वेगळा भरायच्या आणि तो पोस्टमनला द्यायच्या. का, ते कुणी विचारलं नाही. आणि इन्स्टिट्यूटमध्ये दर नाताळच्या आधीच्या शनिवारी तो म्हातारा टोपी काढायचा, काका त्याला माफी मागू द्यायचे नाहीत, आणि काकू पुढच्या रांगेत खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत असायच्या.

मला काकांचा राग यायचा, हे मी लिहूनच टाकते. चांदणीचे कोन मोजणारा, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला धावणारा, घोषबाबूंच्या आजारपणात महिनाभर त्यांची औषधं आणणारा हा माणूस पोटच्या पोरीच्या बाबतीत इतका दगड कसा झाला? आणि मी तरी काय केलं. पोस्टमन माझ्याच दारावरून जायचा. एकदा, फक्त एकदा, ते पाकीट मला दाखव रे बाबा, असं म्हटलं असतं तर तो नाही म्हणाला नसता. मागच्या बाजूचा पत्ता बघून घ्यायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. साहेबांच्या घरातली गोष्ट, आपण कशाला मध्ये पडायचं.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यापाशी बसलेली असताना त्या काकांना म्हणाल्या, "अहो, यंदा आलं तर उघडा." काका खिडकीपाशी उभे होते. "बघू," म्हणाले. काकू तिसऱ्या दिवशी गेल्या.

त्या डिसेंबरात काका ऑफिसच्या फाटकात जाऊन उभे राहू लागले. टपाल यायच्या वेळेला. एक तारीख गेली, पाच गेली, दहा गेली. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. पत्र आलं नाही. तीन वेळा परत आल्यावर पोरीने लिहिणं थांबवलं होतं, आणि तिचं काय चुकलं?

अकरा-बारा तारखेला काका आमच्याकडे आले. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाले, "सूनबाई, तुझ्याकडं पत्ता हाय म्हणे. मार्था सांगून गेली."

मी वही काढली. ते पत्र लिहायला बसले. त्यांचं इंग्रजी सगळं ऑफिसातलं. पहिल्या कागदावर त्यांनी 'वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' अशा थाटाची सुरुवात केली आणि ती स्वतःच फाडली. दुसरा कागद खाडाखोडीने भरला. ज्या माणसाने कधी रेघ खोडली नव्हती, त्याचा तो कागद बघवत नव्हता. शेवटी मी म्हटलं, काका, तुम्ही मराठीत सांगा, मी इंग्रजी करते. त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "लिही. तुझी आई गेली. मी चुकलो. ये." एवढंच. मी इंग्रजी करून दिलं आणि त्यांनी ते आपल्या अक्षरात उतरवलं.

त्या शनिवारी मला वाटलं होतं, यंदा सिनेमा नसेल. होता. काका सुरुवातीला नेहमीसारखं सांगत होते, सिग्नलवर रागावलेही, पण लोक जपून हसले. मग फलाट आला, गाडी आली, मुलगी उतरली, म्हाताऱ्याने टोपी काढली. आणि काका हिंदी विसरले. मराठीत म्हणाले, "बाप म्हणतोय, चूक माझी झाली पोरी. घरी ये." पुढे त्यांचा आवाज आला नाही. सिनेमा तसाच चालू राहिला. शेजारी बसलेल्या घोषबाबूंच्या बायकोने, घोषगिन्नींनी, मला हळूच विचारलं की काय म्हणाले. मी माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि रीळ संपेपर्यंत सोडला नाही.

पत्र फेब्रुवारीत परत आलं. ह्या पत्त्यावर ह्या नावाचं कुणी राहत नाही, असा शिक्का मारून. काका ते घेऊन आमच्या दारात आले आणि आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी मला पाकीट दाखवलं.

"घर बदललं असणार तिनं," ते म्हणाले. "नवा पत्ता कळवल्याशिवाय राहायची नाही ती. तिनं कळवला असणार, सूनबाई. मीच परत पाठवला."

मी त्यांना आत बोलावलं, ते आले नाहीत. पाकीट खिशात घालून जिना उतरून गेले. मी दाराशी बसून रडले. काकूंसाठी आधी रडले होते, ते रडणं वेगळं होतं.

डेसमंडचे कुणी नातेवाईक मागे उरले नव्हते. काका रिपन स्ट्रीटला, बो बॅरॅक्सला, जिथे जिथे अँग्लो-इंडियन घरं होती तिथे जाऊन विचारून आले. कुणी म्हणालं ते मेलबर्नला गेले असं ऐकलं, कुणी म्हणालं तो डेसमंड वेगळा. मग काकांनी एक मार्ग काढला. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या प्रत्येक घराला ते रूथच्या नावाचं एक पत्र द्यायचे, बरोबर घेऊन जा म्हणून. कुणी निघाल्याचं कळलं की स्टेशनवर हजर. ओळख असो-नसो. नगर जिल्ह्यात जसं एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या बाजारात भेटतो, तसं कधीतरी, कुठल्यातरी देवळाच्या (काका चर्चला देऊळच म्हणत) दारात गाठ पडेल असा त्यांचा हिशेब होता. ऑस्ट्रेलिया केवढा आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस तो. पण मी त्यांना एकदाही टोकलं नाही, आणि ह्या वेळी गप्प बसल्याचं मला वाईट वाटत नाही.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात ह्यांची नागपूरला बदली झाली. कॉलनीने निरोपाचा चहा केला. काका स्टेशनवर येतो म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, आता त्यांना रिटायर व्हायला थोडेच महिने आहेत, आपण त्यांना नागपूरला बोलावू, किंवा नगरला जाऊन राहायला सांगू. हे म्हणाले, ते कलकत्ता सोडायचे नाहीत. रूथला हाच पत्ता माहीत आहे.

हावड्याला मुंबई मेल लागली होती. सामान चढवलं, आम्ही खिडकीशी बसलो. काका आले, धापा टाकत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, ह्यांच्या खांद्यावर थोपटलं, म्हणाले, पोचल्याचं लिहा. मग त्यांची नजर पुढच्या डब्याकडे गेली. तिथे एक अँग्लो-इंडियन कुटुंब पेट्या चढवत होतं. म्हातारी आई, मुलगा, सून. त्यांच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात ऑस्ट्रेलियातल्या बंदराचं नाव लिहिलेलं होतं. "येतो हां," असं आम्हाला म्हणून काका तिकडे गेले.

मी खिडकीतून डोकं काढून बघत होते. काकांनी खिशातून पत्र काढून म्हातारीच्या हातात दिलं. तिने ते नाही-होय करत पर्समध्ये ठेवलं. मग तिने काहीतरी विचारलं, बहुधा मुलगी ओळखायची कशी असं. काकांजवळ फोटो नव्हता. तिचे घरातले सगळे फोटो त्यांनी तिच्या लग्नाच्या वर्षी स्वतः फाडले होते. ते सांगू लागले. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि काका त्यांच्या खिडकीबरोबर चालू लागले. फलाटावरच्या गोंगाटातून मला तुटक ऐकू येत होतं. पाच फूट अडीच इंच. उजव्या भुवईवर खूण, एक इंचाची, आडवी. मनगट बारीक. चालताना डावा खांदा किंचित वर.

गाडीने वेग घेतला. मी हात बाहेर काढून हलवत होते, हेही हलवत होते. काका आता पळत होते आणि पळताना दोन्ही हात हवेत धरून त्या म्हातारीला दाखवत होते, केवढी, एवढी. त्यांनी हात धरले होते ते लहान मुलीच्या उंचीचे.

आमच्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही.